अक्काच्या फ्रिजमधली बाटली

घड्याळजीला आपल्या नजरेचा भारी अभिमान. डोळ्याला भिंग लावून तो मोहरीएवढा स्क्रू चिमट्यात धरायचा. त्यामुळे खांदा दाराच्या चौकटीला आपटला, कोपरानं कप कलंडला, की बायको म्हणायची, "लक्ष कुठंय तुमचं?" तोही हसायचा.

मग एका सकाळी दुकानासमोर रस्ता ओलांडताना डावीकडून आलेली सायकल त्याला दिसलीच नाही. मनगट मोडलं. प्लॅस्टर घालणाऱ्या डॉक्टरांनीच त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात पिटाळलं.

तिथं यंत्रात डोकं ठेवून बसायचं, दिवा दिसला की बटण दाबायचं. बराच वेळ दिवा लागेचना. यंत्र बिघडलंय, असं त्याला वाटलं.

"दिवे लागत होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढला की आतली नस सुकत जाते. दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेची नजर जाते, समोरचं दिसत राहतं, म्हणून कळत नाही. गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली थेंबांनी टिकवू. घरात कुणाला आहे?"

"छे," तो ठासून म्हणाला.

रविवारी तो थोरल्या बहिणीकडे गेला. थेंबांची बाटली ठेवायला फ्रिज उघडला, तर आत तशीच बाटली.

"अक्का, ही कुणाची?"

"माझी."

"कधीपासून?"

"झाली नऊ वर्षं."

"भावंडांना तपासून घ्या, असं सांगितलं नव्हतं तुला?"

"सांगितलं होतं. तेव्हा पोरीचं लग्न ठरत होतं. घराण्यात आंधळेपण आहे म्हटल्यावर कोण उभं राहिलं असतं दारात? आणि तुझ्या बायकोच्या तोंडात तीळ भिजत नाही."

"लग्नाला सात वर्षं झाली, अक्का!"

त्यानं तिच्यासमोरच भाचीला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

भाचीच्याही डोळ्यांतला दाब वाढलेला निघाला, पण नजर अजून शाबूत होती. जावई एवढंच म्हणाले, "बरं झालं, वेळेत कळलं." अक्का नऊ वर्षं ज्याला भ्यायली, ते इतकंच होतं. भाचीनं आईशी बोलणं टाकलं. भावानंच माझी पोर तोडली, असं अक्का सांगत फिरते.

परवा तपासणीसाठी तो दवाखान्यातल्या बाकावर तासभर बसला होता. डावीकडची बाई उठून आत निघाली, तेव्हा कुठे त्यानं अक्काला पाठमोरी ओळखलं. तिनं त्याला आधीच पाहिलं होतं.