पेन्सिल न लागलेली काच

“नाही म्हणून कळवा त्यांना,” पद्मजा म्हणाली आणि पुन्हा काचेवर वाकली.

मी चहाचा कप खाली ठेवला. अंधेरी स्टेशनाजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाळू मुलामुलींचे फोटो काढण्यात माझी हयात गेली, नकारही पुष्कळ ऐकले. पण विद्याधरला नकार म्हणजे लक्ष्मी टिळा लावायला आली असता तोंड धुवायला जाण्यातला प्रकार.

पद्मजा माझ्याकडे रिटचिंग करते. निगेटिव्हच्या काचेवर टोकदार पेन्सिल फिरवून लोकांची मुरुमं, डाग, देवीचे वण घालवते. तिचे वडील माझे स्नेही, ते गेल्यापासून ती इथेच कामाला. वय सत्तावीस. हिचं ठरेना म्हणून पाठच्या बहिणीचं, प्रेमाचंही लग्न अडलेलं. विद्याधर कुर्ल्याच्या कारखान्यात इंजिनियर, आता जर्मनीला निघालेला. पासपोर्टचा फोटो काढायला आला, हिला पाहिलं आणि आईकरवी स्वतःहून मागणी घातली. दिसायला राजबिंडा, वर स्वभावाने चांगला. वाईट असता तर माझी उत्सुकता तिथेच मिटली असती.

“अगं, पण खोट काय आहे त्याच्यात?”

“काही नाही, अण्णा. त्याची काच तासभर समोर होती. पेन्सिल टेकवायला जागा सापडली नाही.”

“मग हा काय दोष झाला?”

“दोष नाही. पण पाकिटात घातल्यावर पुन्हा काढून बघावीशी वाटली नाही.”

हे काय उत्तर झालं? मी दोन दिवस डोकं खाजवलं.

शनिवारी विद्याधर फोटो न्यायला आला. मी डार्करूमच्या पडद्याआड उभा राहिलो. लाज वाटली, पण हललो नाही.

“माझं काही खटकलं का?” त्याने विचारलं.

“नाही हो. मी शोधलंसुद्धा.”

तो हसला. हसतानाही देखणाच दिसत होता. “परत आल्यावर पुन्हा विचारू?”

“नको. तुम्ही थांबू नका.”

त्याने पाकीट उचललं, नमस्कार केला आणि गेला. मला त्याचं वाईट वाटलं आणि हिचा राग आला.

सोमवारी पद्मजा जेवायला घरी गेली होती. पॉलिशचा कागद हवा म्हणून मी तिचा खण उघडला. तळाशी काळ्या कागदात गुंडाळलेली एक काच होती. खिडकीशी धरली. गालभर देवीचे वण असलेला चेहरा.

मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी वेसाव्याचा हरेश्वर नावाचा कोळी आला होता. बोटीवर खलाशी म्हणून निघाला होता, आईसाठी फोटो हवा होता. सवयीप्रमाणे मी दोन काचा घेतल्या आणि सवयीप्रमाणे पद्मजाने एकीवरचे सगळे वण घालवले. फोटो बघून तो हिला म्हणाला, “बाय, यो कोन? माजी आय वलखनार नाय याला. देवी आल्या तवा एकवीस दिस ती माज्या उशाशी बसली. तां सगलां पुसलंस की तू.” तेव्हा दुसऱ्या काचेवरून, पेन्सिल न लावता, फोटो काढून दिला. तो घेऊन तो गेला तो गेलाच.

पद्मजा दारात उभी होती. मी विचारलं, “हा?”

ती लाजली नाही. “हं.”

“तो येणार आहे परत?”

“त्याला कुठे काय ठाऊक आहे? ‘चूक झाली’, एवढंच बोलले मी त्याच्याशी.”

“मग याच्यासाठी त्या विद्याधरला...”

“याच्यासाठी नाही, अण्णा. पण ही काच कितीदा काढून बघितली ते मी मोजलेलं नाही. बघावंसं वाटणं काय असतं ते एकदा कळलं. आता न वाटता जन्मभर कुणाच्या शेजारी कशी बसू? उद्या त्या नवऱ्यालाही कळेलच की.” तिने पदराने कपाळ पुसलं. “प्रेमाचं आधी उरकून टाका. आईला मी सांगते.”

काच माझ्या हातातच होती. निगेटिव्हमध्ये वण कोरे उमटतात, त्या एकेका ठिपक्यातून दुपारचं ऊन आरपार येत होतं.

“अण्णा,” ती हात पुढे करत म्हणाली, “कडेने धरा. बोटं उमटतील.”