धुरीचा आदेश

जहाजाच्या तळकोठारात गुडघे टेकून आरोग्याधिकाऱ्याने विजेरीच्या उजेडात उंदराची एक लेंडी चिमटीत धरली. किंचित दाबताच तिची भुकटी झाली. जुनी होती. अशा वेळी पिंजरे लावून जहाजाला निघण्याचा दाखला द्यावा, असा बंदराचा परिपाठ होता, आणि तो त्यानेच घालून दिला होता.

मागे कप्तान उभा होता. कप्तान म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ.

"आटप ना, दादा. आई सकाळपासून खिडकीत बसली असेल. जेवून संध्याकाळच्या भरतीला निघायचंय मला."

खिडकीत. आरोग्याधिकारी रोज त्याच घरी परतत असे. आईची औषधे, तिचे दुखरे गुडघे, तिची कुरकुर, सारे त्याच्या वाट्याचे. त्याच्यासाठी ती खिडकीत कधी बसली नव्हती. वर्षा-दीड वर्षाने धाकटा येई, आणि पहिले ताट त्याच्यापुढे जाई. 'अतिपरिचयादवज्ञा' हे वचन ज्याने रचले, तोही बहुधा घरी राहिलेला थोरला मुलगाच असावा.

त्याने बोटे हातरुमालाला पुसली.

"धुरी द्यावी लागेल."

"एवढ्याशासाठी? वाळलेली आहे ती, दादा."

"ते ठरवायचा अधिकार कायद्याने मला दिलाय. दाखला मिळेपर्यंत जहाज हलणार नाही."

आणि जहाज सोडून कप्तानही घरी जाणार नाही, हे वाक्य त्याने मनातच ठेवले.

वर डेकवर, जहाजाच्या अधिकाऱ्यांदेखत, त्याने आदेशावर सही केली. कप्तानाने कागद सावकाश वाचला.

"विषारी वायू भरणार. म्हणजे परवापर्यंत जहाजावर एकही माणूस ठेवता यायचा नाही."

लेखणीला टोपण लावणारा हात थबकला. आधी जहाज रिकामे, मग धुरी. शिकाऊ निरीक्षकांना हा पहिला धडा तोच देत असे. आता सही वाळली होती आणि सगळे पाहत होते.

"मग मी निजायचं कुठे, दादा?" कप्तानाने विचारले. त्याच्या डोळ्यांत हसू होते की नाही, हे पाहण्याचे आरोग्याधिकाऱ्याने टाळले.

घरी पोचताच त्याने हात स्वच्छ धुतले. तोवर धाकट्याने आईला सांगितले होते, की मुक्काम परवापर्यंत आहे. आई खिडकीतून उठली, पण वळली ती थोरल्याकडे. त्याचा चेहरा तिने दोन्ही तळव्यांत धरला.

"तूच अडवून ठेवलंस ना त्याला? माझ्यासाठी?"

"उंदीर होते, आई."

"हो, उंदीर." ती हसली. "मेल्या, मला बनवतोस? तुझ्या पोटातलं मला कळत नाही होय?"

धाकटा वाकून बुटांचे बंद सोडीत होता. त्याला बराच वेळ लागला.

आईने पहिले ताट थोरल्यापुढे ठेवले. त्याने क्षणभर ताटाकडे पाहिले, आणि उठून तो पुन्हा हात धुवायला गेला.