धुतलेलं कापड

हॉल सजवणं हा माझा बावीस वर्षांचा धंदा. माझं कापड कुठे पेटलं, असं कुणी सांगून दाखवावं! त्यामुळे भाचीच्या रिसेप्शनला हॉलच्या मॅनेजरने दुपारी विचारलं, "ठिणग्यांच्या मशिनजवळ एवढं कापड चालेल का?" तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"अहो, औषध मारलेलं कापड आहे. आग धरत नाही."

"आणि माझी ठिणगी भाजत नाही," धाकटा भाऊ मध्येच म्हणाला. पोरगी त्याची एकुलती एक. ती आत येताना वाटेच्या दोन्ही बाजूंनी ठिणग्यांची कारंजी उडवायची, हा त्याचा हट्ट. दोनातलं एक मशिन मागच्या अंगणात नेऊन त्याने चालू केलं आणि कारंजाच्या शेंड्यातून हात फिरवला. "बघा, थंडगार!"

मॅनेजर हलेना. "कापड मशिनच्या तोंडाशी लोंबतंय. तिथे काय होतं, ते दाखवा."

"दाखवते की!" मी उरलेल्या कापडाची पट्टी फाडली आणि चिमट्यात धरून मशिनच्या तोंडाशी नेली. क्षणभर काहीच झालं नाही. मी मॅनेजरकडे बघून हसलेसुद्धा. तेवढ्यात पट्टी भपकन पेटली. मी ती खाली टाकली, धाकट्याने बुटाने चिरडून विझवली.

माझं कापड? शक्यच नाही! आणि मग आठवलं. हे कापड जरा पिवळट दिसत होतं. गिऱ्हाइकाचं लग्न असतं तर तसंच टांगलं असतं. पण भाचीचं म्हणून मी गेल्या आठवड्यात स्वतः बसून ते साबणाने दोनदा धुतलं. धुतलं की पुन्हा औषध मारायचं, हे मीच माझ्या माणसांना ओरडून ओरडून शिकवलंय. या वेळी कौतुकात विसरले. पोरीच्या वाटेवर मी माझ्या हातांनी सरपण टांगलं होतं.

"ताई, मी तर वरच हात घालून बघितला गं," धाकटा पांढराफटक पडून म्हणाला.

"आता तोंड पाडून बसू नकोस. दोन्ही मशिनं खोक्यात घाल आणि शिडी आण."

"ठिणग्या नाहीत, तर कापड राहू दे की."

"टेबलांवर मेणबत्त्या आहेत. आणि पेटणारं कापड मी टांगत नाही, समजलं?"

तासाभरात सगळं उतरवलं. शिडी मॅनेजरने धरली. बावीस वर्षांत इतका बोडका हॉल मी कुणाला दिला नव्हता.

भाची तयार होऊन आली आणि दारातच थबकली. "आत्या, हे काय? कापड कुठंय?"

मी सगळं सरळ सांगून टाकलं. लाज वाटली, पण सांगितलं. तिने साबणाने सोललेले माझे हात हातात घेतले. "अगं, पिवळटच चाललं असतं की! मला काय कापडाशी लग्न करायचंय?"

संध्याकाळी ती नवऱ्याचा हात धरून आत आली. टाळ्या वाजल्या. तिच्या पोशाखाचा जाळीचा घोळ मागे दोन हात लोळत होता. धाकट्याने एक मशिन ठेवण्यासाठी जमिनीवर चिकटपट्टीची फुली मारली होती, ती काढायची राहून गेली होती. तो घोळ अगदी त्या फुलीवरूनच सरकत गेला.

धाकट्याने ते पाहिलं. माझा हात त्याने इतका घट्ट धरला की दुखला. मी काही तो सोडवून घेतला नाही.