शीग कोण मोजतं?

मित्रांनो, माझ्या पोटाला पोचे आले आहेत, बूड झाळून घेतलेले आहे आणि कान एका बाजूला कलला आहे. तरी मी जुना झालो म्हणजे निकामी झालो, असे कृपया समजू नका. घोड्यांच्या पागेत चंदी, म्हणजे घोड्यांचा दाणा, मोजून घालणारा मी पत्र्याचा डबा आहे. या पागेतली एक घोडी आज चार धड पायांवर उभी आहे, त्यात माझाही वाटा आहे. तो मीच सांगतो, कारण दुसरे कोणी सांगत नाही.

मी मूळचा तेलाचा डबा. एका कारागिराने मला कापले, काठ दुमडला, कान बसवला आणि काठावर बोट फिरवून म्हणाला, "अचूक झालंय माप." त्या दिवशी मला वाटले, आता आयुष्यभर आपण अचूक राहणार. पण डबा अचूक असून भागत नाही. भरणारा हातही तसाच लागतो.

भरणारा हात आक्कांचा होता. पागा त्यांच्या धाकट्या भावाची. तो घोड्यावर बसायला शिकवतो, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. दाण्याच्या कोठीची किल्ली मात्र आक्कांच्या कमरेला. त्या मला कोठीत खुपसत आणि बाहेर काढत, तेव्हा माझ्या काठावर दाण्यांचा डोंगर उभा असे. त्या डोंगराला शीग म्हणतात. सपाट डबा घालणे म्हणजे भुकेल्याच्या तोंडावर दार लावणे, असे आक्कांचे मत होते. आणि पागेचा जुना रिवाज असा, की डबा मोजायचा, शीग मोजायची नाही.

मोठे घोडे दिवसभर राबत, त्यांना ती शीग पचून जाई. पण एक वर्ष पागेत एक शिंगरू वाढत होते. सगळी उंची पायांत, बाकी अंग मागाहून येणार होते. नालबंद मोठ्या घोड्यांचे नाल बदलायला आला, शिंगराकडे बघून हसला आणि म्हणाला, "मास्तर, हे शिंगरू आहे की कपडे वाळत घालायची काडी?"

झाले. शिंगराचे नाव काडी पडले आणि आक्कांच्या जिव्हारी लागले.

"माझ्या पागेतलं लेकरू आणि काडी? बघतेच मी!" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. तेव्हापासून माझ्यावरची शीग इतकी वाढली, की मला माझा काठच दिसेना. काडी गोल झाली. पाहुणे म्हणत, "काय छान भरलीये हो!" आक्का लाजत, जणू त्यांचीच तारीफ चालली आहे.

मग एका सकाळी काडी लंगडली.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी काडीच्या गुडघ्यांवर हात ठेवला. "गरम आहेत आणि सुजलेत. हाडं अजून कोवळी आहेत हिची. वजन असंच वाढत राहिलं तर पाय कायमचे वाकडे होतील. हिच्या पाठीवर कोणी बसायचं सोडा, हिला स्वतःलाच पेलवणार नाही. चंदी किती घालता?"

"एक डबा," मास्तर म्हणाले.

"मीही एकच," आक्का म्हणाल्या.

"म्हणजे दोन?"

"छे हो, एकच! मी घालते तो काय धरायचा? तो आपला लाडाचा."

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांकडे पाहिले. मास्तरांनी छताकडे पाहिले. "भरून दाखवा बरं," त्या म्हणाल्या.

आक्कांनी अभिमानाने मला भरले. डॉक्टरीणबाईंनी माझ्या काठावरून तळहात फिरवला. शीग घमेल्यात पडली. मला रिकामा करून त्यांनी ती शीग माझ्यात भरली. मी अर्ध्याच्या वर भरलो.

"हे काय आहे?"

"शीग."

"ती कोण खातं?"

"काडीच की."

"मग मोजली का नाही?"

"अहो, शीग कोण मोजतं!" आक्का कळवळल्या. "ती मायेची असते."

"पोटाला ते कळत नाही हो आक्का. दाणा हळूहळू कमी करा, एकदम नको. वाळलं गवत भरपूर, मीठ, ताजं पाणी आणि रोज मोकळं फिरणं. बरगड्या डोळ्यांना दिसायला नकोत, पण हाताला लागायला हव्यात. आणि माया अंगातून जातच नसेल तर अंग घासायच्या खराऱ्यावर काढा."

मास्तरांनी मला निवृत्त करून रेघारेघांचा प्लास्टिकचा मग आणला. फार सुशिक्षित मग. आक्कांनी त्यालाही शीग लावली, आणि शेवटी काडीनेच तो चावून टाकला. मी परत रुजू झालो, पण मास्तरांच्या हाती. आक्का दिवसभर काडीला खरारा करत. काडी आरशासारखी चमकू लागली आणि हळूहळू बारीक झाली.

नालबंद पुन्हा आला. "काय हो आक्का, परत काडी केलीत?"

"तू खूर बघ. तोंड नंतर उघड," आक्का म्हणाल्या. पण त्या संध्याकाळी त्या कोठीपाशी किल्ली हातात धरून बराच वेळ उभ्या होत्या. कुलूप मात्र त्यांनी उघडले नाही.

मग ती सकाळ आली. डॉक्टरीणबाईंना काडीची चाल पाहायची होती, आणि नालबंदही कुंपणापलीकडे एका घोड्याचे खूर घासत बसला होता. मास्तरांनी लांब दोरीवर तिला दुडकी चालवली. लंगडणे नाही! आणि तेवढ्यात काडीने मान झटकली, दोरी सुटली, तिने कुंपणाकडे धाव घेतली आणि ते अलगद ओलांडून ती थेट नालबंदाच्या पुढ्यात उतरली. त्याच्या हातातली कानस खाली पडली.

"पाय! अरे पाय बघ तिचे!" आक्का ओरडल्या.

नालबंदाने चारही पाय चाचपले. गार. सूज नाही. मग बरगड्यांवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाला, "दिसत नाहीत, पण लागतात." कानस उचलत म्हणाला, "काडी म्हणालो ते माघारी घेतो."

"नाव तेच राहील," आक्का म्हणाल्या. "आता ते शोभतं."

आणि आनंदाच्या भरात त्यांनी मला खुंटीवरून ओढले, कोठी उघडली आणि मला भरले. डोंगर उभा! सगळे एका सुरात ओरडले, "आक्का!"

आक्का थबकल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले, काडीकडे पाहिले आणि आपल्याच तळहाताने शीग खाली उतरवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आक्कांच्या हातून माझ्या काठाला वारा लागला. कारागिराचे ते बोट आठवले. मी अचूक होतो, मित्रांनो!

म्हणून सांगतो, कोणाला मनापासून वाढवायचे असेल तर डबा सपाट भरा, आणि शीग लावलीच तर तीही मोजा. माया उरलीच, तर खरारा खुंटीवर माझ्या शेजारीच टांगलेला आहे.