ऐकत नाही ती

बायको गेल्यावर आंधळ्या सुताराने वाट दाखवणारी कुत्री घेतली. तिच्यासोबत चालायला शिकताना तो सारखा ठेचकाळायचा. पायरी आली की बायको सांगायची, ही नुसती थांबायची. शिकवणारी बाई म्हणायची, "काका, ती थांबली की आधी पायाने चाचपा."

कुत्री घरी आली तसा मुलगा म्हणाला, "बाबा, परत करा हिला. मी आहे ना हात धरायला!"

"आणि तू कामावर गेलास की?" म्हणत सुतार तिला घेऊन निघाला. फाटकाबाहेर ती थांबली.

"चल!" तो खेकसला. ती हलेना.

"बघा, ऐकतसुद्धा नाही तुमचं!" मुलगा दारातून ओरडला.

सुताराने पाय पुढे सरकवला. खाली गटार उघडं होतं.

"तुझी आई तरी कुठे ऐकायची? म्हणून तर धडधाकट राहिलो," तो म्हणाला. "ही इथेच राहणार."

कुत्रीने वळसा घेतला, तसा तोही वळला.