तानुबाईचे गुडघे

अमरावतीच्या वेशीबाहेर तानुबाई माळीण भाजीचा मळा करायची. नवरा तरुणपणीच गेला, तेव्हापासून रोज पहाटे डोक्यावर वांगी-मेथीची टोपली घेऊन ती बाजारात जायची आणि ऊन तापायच्या आत पायीच परत यायची. त्यातच तिने मुलाला, चंद्रभानला, वाढवलं आणि त्याचं लग्न केलं.

मग साता समुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली, तिकडचा कापूस यायचा थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. चंद्रभानने वांगी उपटून मळ्यात कापूस लावला. दोन हंगामांत दारात सवारीची दमणी आणि पांढऱ्या बैलांची जोडी उभी राहिली. आयुष्यभर राबलेल्या आईने आता सुखाने बसावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. टोपली त्याने माळ्यावर टाकली. देवळात जायचं झालं तरी तो आईसाठी दमणी जुंपायला लावी.

पहिले काही महिने तानुबाईला हे बरं वाटलं. पण पुढे पुढे अंग जड झालं. चार पावलांत धाप लागू लागली. रात्री झोप येईना आणि सकाळी गुडघे आखडलेले असत. सून गोदा रोज तेल चोळायची, हाताला धरून उठवायची. आपलं वय झालं, अशी तानुबाईने मनाची समजूत घातली.

अशात एका दुपारी तिची थोरली बहीण माणिकबाई अंजनगावहून आली, तीही पायी. तिकडच्या साऱ्या बैलगाड्या कापूस घेऊन गेल्या होत्या, आणि बहिणीची खूप आठवण आली म्हणून ती वाटेत मुक्काम करत चालत निघाली होती. पाय धुऊन ती ओसरीवर बसली. तिच्या स्वागताला तानुबाई उठू लागली, तर गोदाला धावावं लागलं.

माणिकबाई बघतच राहिली. दोन दिवस तिने हेच पाहिलं. तिसऱ्या दिवशी पहाटे तिने बहिणीला हलवलं.

"ऊठ तानू. लिंबापर्यंत जाऊन येऊ."

"माहे गुडघे दुखतात, बाई."

"माहे बी दुखतात. पण बसलं का जास्त दुखतात."

लिंबाचं झाड हाकेच्या अंतरावर होतं. तिथवर जाताना तानुबाई दोनदा थांबली आणि परतताना रडकुंडीला आली. दुसऱ्या दिवशीही माणिकबाईने तिला सोडलं नाही. आठवडाभराने त्या लिंबाच्या पुढे विहिरीपर्यंत गेल्या. वाटेत लहानपणच्या गोष्टी निघत आणि दोघी इतक्या हसत, की कापसाच्या गाड्या हाकणारे वळून बघत.

चंद्रभानला हे रुचलं नाही. दारात दमणी असताना आई रस्त्याने पायी हिंडते, लोक काय म्हणतील, असं तो म्हणाला. तानुबाईने त्याला जवळ बसवलं.

"लोकायचं राहू दे. मले उठाले तुही बायको लागते, हे तुले दिसत नाही काय? तू मले सुख देल्लं रे, पण माहे पाय काढून घेतले."

पुन्हा त्याने कधी अडवलं नाही.

माणिकबाई महिन्याभराने गावी गेली. तानुबाईने मात्र चालणं सोडलं नाही. सुरुवातीला सोबतीला गोदा जायची, मग शेजारची पार्बताबाई येऊ लागली, मग आणखी दोघी-तिघी. दिवाळीपर्यंत तानुबाई हाताचा आधार न घेता उठू लागली. पुढच्या उन्हाळ्यात धाप थांबली, पडल्या पडल्या झोप लागू लागली. डावा गुडघा तेवढा कुरकुरत राहिला, त्याच्याकडे तिने लक्ष दिलं नाही.

ती लढाई संपली तसा कापसाचा भाव उतरला. चंद्रभानने दमणी विकली आणि अर्ध्या मळ्यात पुन्हा भाजी लावली. घरात थोडे दिवस उदास गेले. तानुबाई मात्र रोज मळ्यात फेरी मारून वाफे बघायची आणि मुलाला हिंमत द्यायची.

वर्ष-दोन वर्षांत बडनेऱ्याला आगगाडी आली. ती बघायला अख्खी आळी निघाली. तानुबाईच्या बरोबरीच्या बहुतेक जणी बैलगाडीत बसल्या, काहींना तर उचलून चढवावं लागलं. तानुबाई, गोदा आणि पार्बताबाई गप्पा मारत पायी निघाल्या. चंद्रभानही बरोबर होता. अर्ध्या वाटेत त्याला दम लागला आणि तो एका बाभळीखाली टेकला.

"माय, जरा हळू चाल."

"तू ये मागून. आमी पुढं होतो."

आगगाडी आली तेव्हा बायका किंचाळून मागे सरल्या. तानुबाईने कान झाकून ती नीट पाहून घेतली. धूर फार होतो, एवढंच ती म्हणाली. मग सावलीला बसून तिघींनी भाकरी-ठेचा खाल्ला, उन्हं कलू दिली आणि पदर खोचून त्या अमरावतीच्या वाटेला लागल्या.