चौथ्या वाफ्याचं माप

पेरणीपासून कापणीपर्यंत दर मंगळवारी, सूर्य डोक्यावर आला की मी शेती संशोधन केंद्रातल्या गव्हाच्या वाफ्यांवर यंत्र धरायची. पीक किती ऊन परत फेकतं, ते मोजायचं. सासूबाई म्हणायच्या, "गव्हाला काय आरसा लावलाय?" पण रोपं लहान असताना त्या आकड्यांत मातीच जास्त दिसे. पानांनी माती झाकली की तीच पानं तांबडा प्रकाश गिळत आणि डोळ्यांना न दिसणारा प्रकाश भरभरून परत पाठवत. पीक पिवळं पडू लागलं की चित्र उलटं. लेकरांच्या वाढत्या उंचीसारखे ते आकडे मला पाठ असत.

ओंब्या बाहेर पडल्या त्या आठवड्यात चौथ्या वाफ्याचा न दिसणारा प्रकाश एकदम घसरला. पीक आतून आजारी पडलं की असं होतं; वाफा मात्र हिरवागार! तीनदा मोजलं, तेच.

केंद्राचे नवे साहेब अहवाल पुरा करायला बसले होते.

"बाई, हात हलला असेल तुमचा. वयाप्रमाणे होतं."

मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची! अंगाचा तिळपापड झाला.

"हा आकडा खोडतो, शेजारच्यांची सरासरी घालतो," ते म्हणाले.

"खोडण्याआधी स्वतः मोजा."

आले तणतणत. आधी पांढऱ्या पाटीचं माप घ्यायचं, म्हणजे त्या वेळचं ऊन कळतं. ते मी घेतलं, आणि यंत्र त्यांच्या हाती दिलं. ते पिकावर वाकले. आकडा आला शेजारच्या वाफ्यांइतकाच.

"बघा! आता काय म्हणणं आहे?"

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. अंगात पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट. त्याच्यावरून उसळलेलं ऊन थेट ओंब्यांवर पडत होतं. मोजताना गडद कपडे घालायचे, हा नियम यंत्राच्या खोलीच्या दारावरच चिकटवला होता.

"साहेब, तुम्ही गहू नाही, तुमचा शर्ट मोजलात. माझा काळा एप्रन घाला."

"मी? बायकांचा एप्रन?"

बांधावर बसलेले ट्रॅक्टरवाले मामा म्हणाले, "घाला हो साहेब, गहू काही हसणार नाही."

घातला, नाक मुरडत. आकडा आला, अगदी माझाच. एप्रन माझ्या हातावर टाकला, खोलीत गेले आणि नोंदवहीत माझा आकडा तसाच ठेवून शेजारी लिहिलं, 'उपकरणातील दोष दूर केला.'

कोणता दोष? तीन महिने त्या यंत्राला मी तान्ह्या बाळासारखं जपलं होतं. आज हे आठवलं तरी कानशिलं तापतात. मी त्यांच्या मागोमाग खोलीत गेले, त्यांच्यासमोरच वही ओढली आणि त्या ओळीखाली लिहिलं, 'उपकरण निर्दोष होते. पहिले माप साहेबांनी पांढऱ्या शर्टात घेतले होते.' खाली सही केली, तारीख घातली.

"हे वरपर्यंत जाईल," ते म्हणाले.

"जाऊ दे की," मी म्हणाले. "म्हणून तर शाईने लिहिलंय."